सेकंडचा माल

कमरेला दोन्ही बाजूंनी टॉवेलच्या पट्ट्या,
आमच्या लाल, त्यांच्या पिवळ्या.
मीच कापल्या. कारखान्यात चेकिंगच्या टेबलावर
ज्याची कड सुटली, ज्यात धागा चुकला
तो माल माझ्याकडे येतो.
शनिवारी रात्री मशीनवर वेल्क्रो लावत बसलो.
बायको म्हणाली, पोरांच्या गणवेशाचं बटण तरी
कधी लावलंत का?

रविवार, सकाळी साडेसहा, अक्कलकोट रोड.
शाळेचं मैदान. गवत नावाला नाही.
गजम सरांनी हा खेळ कुठून आणला, विचारू नका.
म्हणायचं फुटबॉल आणि पाय लावायचा नाही.
पाडायचं नाही, धरायचं नाही,
नुसती पट्टी ओढायची.
पट्टी निघाली की माणूस मेला,
पुढच्या डावाला परत जिवंत.

आज सेमीफायनल.
"गाठ मार की बे," अंबादास येमूल कानाशी आला,
"वेल्क्रोच्या आत. कुणाला कळतंय?"
मारली. एकच, उजवीकडे.

मी मधला. वाकून दोन पायांतून चेंडू मागे द्यायचा
आणि मग कुणाच्या तरी वाटेत उभं राहायचं.
अख्ख्या सीझनमध्ये चेंडू माझ्याकडे परत आला नाही.
तक्रार नाही. वय एक्केचाळीस,
डावा गुडघा जुन्या मागासारखा
खट् खट् करतो.
अंबादास पळतो. दोनदा पार रेघेपर्यंत गेला,
पिवळ्यांचे हात लागले आणि निसटले.

हाफ टाइमला त्याचा फोन वाजला.
पाणी आलंय.
पाच दिवसांनी नळ, घरी आई एकटी.
पट्टा सोडून माझ्या हातात दिला, स्कूटरला किक मारली.
गजम सरांनी घड्याळ बघितलं नाही,
पिवळ्यांनी तर गाडीला वाट करून दिली.
सोलापुरात यावर कुणी वाद घालत नाही.

त्याचा पट्टा घडी घालताना बोटांना लागलं:
दोन्ही पट्ट्यांना गाठी. दुहेरी. पक्क्या.

लघवीचं सांगून भिंतीमागे गेलो
आणि माझी गाठ नखानं सोडली.
का, ते नीट सांगता येणार नाही.
बाहेर येऊन कुणाला काही बोललो नाही,
हेही सांगून टाकतो.

अठरा–एकोणीस. एक पॉइंट कमी, शेवटचा डाव.
वीरेश हिरेमठनं उजवीकडे बघितलं, जिथं अंबादास असायचा.
तिथं ऊन होतं.
मग त्यानं माझ्याकडे बघितलं,
घरात दुसरं कुणी नसलं की
धाकट्याला दुकानात धाडतात तसं.

चेंडू पोटात आला. पळालो.
धूळ, कुणाची तरी शिवी, गुडघा,
समोर चुन्याची रेघ, पाच पावलं, चार,
एवढी मोकळी जागा मला कुणी कधी दिली नव्हती.

चर्र.

वेल्क्रोचा आवाज मी शंभर माणसांत ओळखीन.
उजवीकडची. तीच.
सिव्हिलच्या लॅबमधली तबस्सुम बागवान
दोन पावलं मागे, लाल पट्टी वर धरून,
रक्ताची बाटली तपासावी तशी बघत होती.
"शिवण चांगली आहे हो," म्हणाली, "कुणाची?"
"बायकोची," मी म्हणालो.
दिवसातलं दुसरं खोटं.
की तिसरं?

चहाच्या गाड्यावर अंबादासचा फोन.
"काय झालं बे?"
"हरलो."
"छ्या! मी असतो तर..."
मी गप्प.
"बॅरल सगळे भरले," तो म्हणाला, "पट्टा आण माझा, फायनलला..."
फायनल नाही, हे त्याला उशिरा आठवलं.

दुपारी पंख्याखाली गाठी सोडत बसलो.
घामानं आवळलेल्या, सुटेनात.
बायकोनं कात्री दिली.
मग दारातून परत वळली.
"गाठी कशाला हो मारल्या होत्या?"